पुलाआधीचं कपाट

१. मांडीवर पडलेलं

व्हर्ना किस्टलरने गाडीचे कागद काढायला समोरचा कप्पा उघडला आणि तिचं स्वतःचं पिस्तूल तिच्या मांडीवर येऊन पडलं.

खिडकीबाहेर न्यू जर्सीचा एक कोवळा पोलीस उभा होता. मागचा एक दिवा बंद आहे म्हणून त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली होती. हत्यार वगैरे आहे का, असं त्याने रिवाजाप्रमाणे विचारलं होतं आणि व्हर्ना हसून म्हणाली होती, "आहे ना, पण पुलापलीकडे. क्लीटच्या दुकानात कपाटात ठेवून आलेय. तुमच्या राज्यात मी हात हलवतच येते, बाळा." हे बोलून तिने कप्पा उघडला. पोरगा घाबरला, व्हर्ना त्याच्याहून घाबरली आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या नर्सबाईच्या हातात बेड्या पडल्या. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात हे सगळं आलंय. मी ते इतक्यांदा पाहिलंय की आता तिचं हसू सुरू झालं की मीच डोळे मिटतो.

मी ऑरिन व्हॅनॅटा. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार वकील देतं आणि त्या वकिलाला माझ्यासारखा एखादा म्हातारा देतं, लोकांच्या दारात जाऊन चौकशा करायला. त्याआधीचं आयुष्य पोलिसात गेलं. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या पचतात, फक्त जिने पचत नाहीत.

व्हर्ना पेनसिल्व्हेनियाची. लपवून पिस्तूल बाळगायचा तिचा तिथला परवाना डेलावेअर नदीच्या पुलावर निम्म्यात मरतो. न्यू जर्सीत तो दाखवला तर काडीचा उपयोग नाही. शिक्षा किमान साडेतीन वर्षं, आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाने मनावर घेतल्याशिवाय त्यात सूट नाही. आमचे सरकारी वकील मनावर घेणाऱ्यातले नव्हते.

व्हर्ना मरणाच्या दारातल्या रोग्यांना घरी जाऊन बघायची, नदीच्या दोन्ही तीरांवर. पिशवीत मॉर्फिन असायचं. त्या पिशवीसाठी तिला आडरस्त्यात दोनदा अडवलं होतं, म्हणून ते पिस्तूल. घरी नवरा हार्लन, पाटीच्या दगडाच्या खाणीत जन्म गेलेला. फुप्फुसात दगडाची धूळ भरलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. डॉक्टरांनी त्याला दीड वर्ष दिलं होतं. सध्या व्हर्ना जामिनावर घरी होती, पण ती आत गेली तर बाहेर येईपर्यंत हा माणूस उरणार नव्हता, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

"विसरले म्हणू दे तिला," मी आमच्या वकीलबाईंना, डीलियाला, म्हटलं. "रोज कुणीतरी विसरतं."

"विसरण्याला माफी नाही, ऑरिन. आणि ती म्हणते मी विसरले नाही. मी ठेवलं आणि कुणीतरी काढलं."

"सगळे असंच म्हणतात."

"म्हणून तर तुम्हाला पाठवतेय. तुमचा कुणावरच विश्वास नाही."

शुक्रवार होता आणि सोमवारी कोर्ट. पोलिसांनी काढलेले फोटो काखेत मारून मी पूल ओलांडला.

२. लाल ठिपका

किस्टलरांच्या स्वयंपाकघरात आंबवलेल्या कोबीचा वास होता आणि ओट्यावर काचेच्या मोठ्या भांड्यात ट्यूना मासा आणि नूडल्स एकत्र भाजून केलेलं कॅसरोल.

"लेसिग सरांनी आणलंय," व्हर्ना म्हणाली. "दर दोन दिवसांनी आणतात. आम्ही दोघं मिळून चिमणीएवढं खातो, पण त्यांना नाही कसं म्हणणार? शाळेत आम्हा दोघांना त्यांनी सुतारकाम शिकवलं. पिस्तूल चालवायलाही त्यांनीच शिकवलं. बसा. कॉफी शिळी आहे, चालेल?"

"माझ्या वयाला ताजी सोसत नाही."

मी फोटो टेबलावर मांडले. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"पिस्तूल माझं. ही मॅगझीन माझी नाही."

मॅगझीन म्हणजे मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी.

"कशावरून?"

"माझीच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. वर्गात सगळ्यांची पिस्तुलं सारखी, म्हणून सरांनी लावायला लावला होता. आणि गोळ्या बघा. या साध्या, गोल टोकाच्या. माझ्या पोकळ टोकाच्या होत्या. साधी गोळी आरपार जाते आणि भिंतीमागच्या पोराला लागते, असं सर म्हणायचे. एक गोळी कायम नळीत असायची. या फोटोत नळी रिकामी आहे."

मी शिळी कॉफी तशीच खाली ठेवली. न्यू जर्सीत पोकळ टोकाची गोळी घराबाहेर बाळगणं हा वेगळा गुन्हा आहे. व्हर्नाच्या गोळ्या तशाच राहिल्या असत्या तर तिच्यावर आणखी एक कलम लागलं असतं. कुणीतरी तिला अडकवलं होतं आणि अडकवताना तिचं एक कलम कमी केलं होतं.

"बाई, तुमच्या वाईटावर कोण आहे?"

"ग्रँट स्ट्रबल. त्याच्या वडिलांना मी मॉर्फिन जास्त देऊन लवकर मारलं म्हणतो." तिने भांड्यावर झाकण ठेवलं. "लग्न पूल ओलांडल्यावर मोडत नाही, गाडीचं लायसन्स मोडत नाही. मग हाच एक कागद कसा हो मोडतो?"

"मी कायदे करत नाही, बाई. त्यांच्याखाली सापडलेल्यांना उचलतो."

आतल्या खोलीतून हार्लन खोकला. ती माझं वाक्य संपायच्या आत उठून गेली होती.

३. "उतरवलंस का?"

क्लीट हमेलचं गळ-गांडुळांचं दुकान पुलाआधीचं शेवटचं. मासेमारीच्या सामानापेक्षा ते प्रसिद्ध आहे मागच्या पडवीतल्या कपाटांसाठी. जर्सीत कामाला जाणारे लोक इथे थांबतात, पडवीत जाऊन कमरेचं पिस्तूल काढतात, कपाटात ठेवतात, किल्ली खिशात टाकतात आणि पुढे येऊन क्लीटची कॉफी पितात. मग हात हलवत पूल. नदीकाठी हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक चर्चमध्ये जाताना टोपी काढावी तसं करतात.

"उतरवलंस का?" मी आत शिरताच क्लीट म्हणाला. प्रत्येकाला तो हेच विचारतो.

"मी जर्सीचाच आहे रे. माझ्याकडे उतरवायला पोट तेवढं आहे."

"ते इथे ठेवू नकोस. जागा कमी आहे."

पडवीत हिरव्या पत्र्याची अरुंद कपाटं एका रांगेत होती. दारांवर जुने स्टिकर, कोरलेले बदाम, कुणाकुणाची नावं. व्हर्नाच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं, साधा ओरखडा नाही.

"शाळेची आहेत," क्लीट म्हणाला. "शाळा बंद पडली तेव्हा लिलावात घेतली. कुलपं दारातच बसवलेली."

"दुसऱ्या किल्ल्या?"

"असत्या तर मेलो असतो. लोक मला रोज चोर म्हणाले असते. किल्ली हरवली की मी ड्रिल मारतो आणि शिव्या देतो."

"त्या दिवशी कोण आलं होतं?"

"निम्मा गाव. व्हर्नाने पिस्तूल ठेवलं ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं, कारण ती पडवीतून ओरडली की तुझी पाल मेलीय इथे. मग इथे बसून तिने कॉफी घेतली. माझी बहीण तिच्याच हातात गेली गेल्या वर्षी. बोलत बसलो. पडवीत कोण आलं गेलं, मला काय ठाऊक? मागचं दार उघडंच असतं."

"आणि तिची गाडी?"

"दाराशी. कुलूप कोण लावतंय इथे? तुमच्या जर्सीत लावतात."

मी त्याच्या भिंतीकडे बघितलं. 'परवाना एक, देश एक' असं मोठं भित्तिपत्रक लेसिग सरांच्या संघटनेने तिथे डकवलं होतं, आणि क्लीटने त्यावर गांडुळांचे भाव लिहिले होते.

"तुला नकोय वाटतं हे? सगळीकडे परवाना चालला तर?"

"तर कोण थांबेल माझ्याकडे?" क्लीटने फडका खांद्यावर टाकला. "त्या पडवीमुळे दुकान चालतं, ऑरिन. व्हर्नाला पकडल्यापासून तर रांग लागते. जे एरवी विसरायचे तेसुद्धा घाबरून येतात."

हे तो बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कळलं. त्याचा चेहरा पडला.

"ए, मी नाही हं," तो म्हणाला.

४. ज्याला आनंद झाला तो

ग्रँट स्ट्रबल जर्सीच्या बाजूला एका मोठ्या घरात एकटा राहत होता. वडिलांचा दवाखान्यातल्यासारखा पलंग अजून बैठकीच्या खोलीत होता, वर चादर नीट अंथरलेली.

"मला आनंद झाला," त्याने दारातच सांगून टाकलं. "लिहून घ्या हवं तर. त्या बाईला आत टाकल्याशिवाय राहणार नाही, असं मी तिच्या तोंडावर बोललो होतो."

"मग टाकलंत?"

"मी? मला ते पिस्तूल कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही. तिकडे तर परीक्षाही घेत नाहीत. अर्ज करा, फोटो द्या, घ्या परवाना. असल्या कागदावर त्यांनी आमच्या पोरांच्या शाळेसमोर हत्यार घेऊन फिरायचं? का म्हणून? घर आमचं, दार आमचं, आणि कोण आत येणार ते ठरवणार शेजारी?"

"तिच्या पिस्तुलात कुठल्या गोळ्या होत्या, माहितेय?"

"गोळ्यांत प्रकार असतात?"

इतका खरा अडाणीपणा सोंग म्हणून आणता येत नाही. तो रागावलेला होता, बापाशिवाय पोरका झाला होता आणि दोन्हींचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. निघताना त्याने विचारलं, "तिचा नवरा बरा आहे का?" मी नाही म्हटलं. तो पलंगाची चादर सारखी करत राहिला.

गाडीत बसलो तर डीलियाचा फोन. त्या दिवशी पोलिसांना कुणीतरी निनावी फोन करून गाडीची खबर दिली होती, त्याचं ध्वनिमुद्रण तिच्या हाती आलं होतं. तिने ते लावलं. तोंडावर रुमाल धरल्यासारखा आवाज: "तपकिरी गाडी, पुलावरून येतेय, मागचा दिवा बंद आहे. चालवणारी बाई वयस्क आहे. तिला घाबरवू नका."

"आणि दिव्याचं?" मी विचारलं.

"फुटलेला नाही. बल्ब फिरवून सैल केलेला. काय झालं? गप्प का झालात?"

मी मोजत होतो. गोळ्या बदलल्या, म्हणजे एक कलम कमी. नळी रिकामी केली, म्हणजे पिस्तूल पडलं तरी उडू नये. दिवा फोडला नाही, म्हणजे बाईचं नुकसान नको. आणि वर पोलिसांना विनवणी. जन्मभर मी शत्रू पाहिले, पण इतकी काळजी घेणारा एकही पाहिला नव्हता.

"डीलिया," मी म्हटलं, "तिच्या वाईटावर असलेल्यांना सोड. तिच्यावर माया कोण करतं ते शोधायला हवं."

५. सिगारेटचं पाकीट

संघटनेच्या सभागृहात शनिवारी माणसं मावत नव्हती. मंचामागे व्हर्नाचा मोठा फोटो होता, नर्सच्या पोशाखातला. माझ्या मते तिला न विचारता लावलेला. वेड लेसिग सर बोलत होते. पंचाहत्तरीचा ताठ माणूस, आवाज अजून वर्गातला.

"जिने तुमच्या आईबापांचे डोळे मिटले," ते म्हणाले, "तिला एका रेघेसाठी तुरुंगात टाकताहेत. नदीत पाणी आहे, रेघ कुठे आहे? मला दाखवा!"

टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर मलाही वाजवाव्याशा वाटल्या. नंतर ते माझ्याशी फार प्रेमाने बोलले. व्हर्ना जेवते का, हार्लनला रात्री झोप लागते का, सगळं विचारलं.

"सोमवारी सोडतील ना?" त्यांनी विचारलं.

"नाही सोडणार, सर."

"एवढा गवगवा होऊनही?"

"गवगव्यामुळेच. आता माघार घेतली तर सरकारी वकिलांचं नाक कापलं जाईल."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि तो हात जड होत गेला.

तिथून मी किस्टलरांकडे गेलो. व्हर्ना दुकानात गेली होती. हार्लन खिडकीशी बसला होता. वेळ घालवायला मी त्याला क्लीटच्या कपाटांबद्दल विचारलं.

"सतरावं... कपाट माझं," तो दम घेत म्हणाला. "शाळेत. अजून आत... व्हर्नाचं नाव कोरलेलं आहे. सिगारेटी लपवायचो. सर धाडकन उघडायचे. कुलूप लावलेलं असलं तरी."

"कसं काय?"

"मास्तरांची किल्ली." त्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. "एकच. सगळ्या कपाटांना... लागायची. घड्याळाच्या साखळीत अडकवलेली असायची. आम्ही म्हणायचो, ही म्हातारा... थडग्यात नेणार."

बोलता बोलता तो थांबला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे बघितलं, पण उशीर झाला होता.

"नाही," हार्लन म्हणाला. "सर नाहीत. दुसरं कुणीही म्हणा."

६. लेसिग सर

रविवारी चर्च सुटल्यावर मी सरांच्या घरामागच्या कार्यशाळेत गेलो. प्रत्येक अवजार भिंतीवर आपापल्या जागी टांगलेलं. ते एका खुर्चीचा पाय घासत होते.

"सर, घड्याळाची साखळी दाखवता?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी कशाला, असं विचारलं नाही.

"स्ट्रबलने केलं असतं तर त्याने गोळ्या बदलल्या नसत्या," मी म्हटलं. "त्याला त्यातलं कळतच नाही. क्लीटकडे दुसरी किल्ली नाही. आणि ज्याला तिचा खरा राग होता त्याने दिवा फोडला असता. हे ज्याने केलं त्याला दोन्ही राज्यांचे कायदे तोंडपाठ होते, त्याच्याकडे तशीच दुसरी मॅगझीन होती, आणि व्हर्नाला ओरखडासुद्धा येऊ नये अशी त्याची इच्छा होती. असा माणूस गावात एकच आहे. तो तिला दर दोन दिवसांनी जेवण नेऊन देतो."

त्यांनी खण उघडला आणि रुमालात गुंडाळलेली मॅगझीन टेबलावर ठेवली. बुडाला लाल ठिपका होता.

"फेकली का नाही?"

"चांगली वस्तू फेकवत नाही," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "तीस वर्षं मी राजधानीला पत्रं लिहितोय, ऑरिन. पकडले जातात ते कसे असतात माहितेय? दारू प्यालेले, बायकोला मारणारे. त्यांचा फोटो कुणाला दाखवणार? मला वाटलं, एक चांगलं माणूस पकडलं गेलं तर देश बघेल. दोन दिवसांत सोडतील. अशा बाईला कोण तुरुंगात टाकतंय?"

"व्हर्नाला विचारलं होतंत?"

"ती हो म्हणाली असती."

"मग विचारलं का नाहीत?"

सरांनी मॅगझीन पुन्हा रुमालात गुंडाळली.

"तिच्याइतकी चांगली माझ्याकडे दुसरी कुणी नव्हती," ते म्हणाले. "मी कबूल केलं तर सगळं संपलं. म्हणतील, या लोकांनीच बनाव केला. पुढची तीस वर्षं कुणी ऐकून घेणार नाही. तू इतका शहाणा आहेस, तूच सांग, मी म्हणतो ते चूक आहे का? रेघ असावी का?"

"मला नाही माहीत, सर. तुमचंही पटतं आणि स्ट्रबलचंही पटतं, आणि आता दोघांचा कंटाळा येतो. मला एवढंच माहितेय की हार्लनकडे दीड वर्ष आहे आणि त्यातला एक दिवसही तुम्हाला परत देता येणार नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा. मी पुरावा घेऊन जाऊ शकलो असतो, पण आधी मला व्हर्नाकडे ने, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. व्हर्नाने शेवटपर्यंत ऐकलं. वळून तिने ओट्यावरचं काचेचं भांडं उचललं, घासून पुसून ठेवलेलं.

"तुमचं भांडं राहिलं होतं, सर," ती म्हणाली. "घेऊन जा. आता आणू नका."

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. गाडीत बसेपर्यंत ते त्यांनी छातीशी धरलं होतं.

७. सोमवार

सकाळी मी सरांना घ्यायला गेलो. जर्सीच्या कोर्टात जाऊन जबाब द्यायचा होता. डीलिया पायऱ्यांवर उभी राहणार होती आणि व्हर्ना हार्लनला घेऊन मागून येणार होती. पूल दिसू लागला तसे सर म्हणाले, "क्लीटकडे थांब."

"आता कॉफी?"

"थांब रे बाबा."

दुकानाशी नेहमीची रांग होती. लोकांनी त्यांना वाट दिली, कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, आज व्हर्नाला सोडवूनच आणा, सर. क्लीटने फडका खांद्यावर टाकला आणि सवयीने विचारलं, "उतरवलंत का?"

सर पडवीत गेले. कोटाखालून त्यांनी पिस्तूल काढलं, नळी रिकामी केली, तपासली, पुन्हा तपासली, आणि सतरा नंबरच्या कपाटात ठेवलं. दारात आतल्या बाजूला बदाम आणि त्यात व्हर्नाचं नाव कोरलेलं होतं. ती रेघ कुठे आहे म्हणून तीस वर्षं विचारणारा माणूस तिच्याआधी हात मोकळे करत होता, आणि त्यात वावगं काही आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. मग त्यांनी घड्याळाच्या साखळीतून मास्तरांची किल्ली सोडवली आणि दोन्ही किल्ल्या आणून गल्ल्यावर ठेवल्या.

क्लीट त्या जुन्या किल्लीकडे बघत राहिला. त्यानेही कधीकाळी त्या शाळेत सिगारेटी लपवल्या होत्या. ती कशाची किल्ली आहे हे त्याला कळलं, आणि मग हळूहळू बाकीचंही कळलं.

"सर," तो म्हणाला, "कपाटाची किल्ली तरी ठेवा. लोक परत येताना काढून नेतात."

"राहू दे तुझ्याकडे," सर म्हणाले. "मला यायला वेळ लागेल."